कुटुंबातल्या वयांवरची ‘माहिती पुरेशी आहे का?’ उदाहरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकभरती, नागरी सेवा, एमबीए प्रवेश अशा परीक्षांची तयारी करणाऱ्या गोव्यातल्या मुलामुलींकडून वयांच्या डेटा सफिशियन्सीबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतली नावं काल्पनिक आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या उदाहरणांत वय काढायचं असतं की नाही?

नसतं. वर एक प्रश्न असतो, खाली दोन विधानं. त्या विधानांवरून प्रश्नाचं एकच एक उत्तर ठरतं का, एवढंच सांगायचं असतं. ते उत्तर १७ आलं की ७१, याला गुण नाहीत. शाळेपासून ‘म्हणून सर्वेशचे वय १७ वर्षे’ ही शेवटची ओळ लिहायची सवय लागलेली असते आणि वेळ तिथेच जातो. उत्तर ठरतं अशी खात्री पटली की पेन खाली ठेवायचं.

२. पर्याय सगळ्या परीक्षांत सारखेच असतात का?

अर्थ तेच, क्रम वेगळा. आयबीपीएसच्या (बँकभरतीच्या) पेपरांत नेहमीचा क्रम असा: (१) फक्त विधान १ पुरेसं, (२) फक्त विधान २ पुरेसं, (३) दोन्हींपैकी कोणतंही एक पुरेसं, (४) दोन्ही मिळूनही अपुरं, (५) दोन्ही मिळूनच पुरेसं. एमबीए प्रवेशाच्या जीमॅटमध्ये तिसरा पर्याय ‘दोन्ही मिळून’, चौथा ‘कोणतंही एक’ आणि पाचवा ‘दोन्ही मिळूनही नाही’. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये (नागरी सेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात) पर्याय चारच. एका परीक्षेचा सराव करून दुसरीला बसणारे विचार बरोबर करतात आणि गोल चुकीचा रंगवतात. पेपर हातात आल्यावर सूचना एकदा नीट वाचा आणि कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात क्रम लिहून ठेवा.

३. विधानं कोणत्या क्रमाने तपासायची?

दुसरं विधान बोटाने झाका आणि फक्त पहिलं वाचा. पुरेसं निघालं, तर दोनच पर्याय उरतात: ‘फक्त १’ किंवा ‘कोणतंही एक’. अपुरं निघालं, तर हे दोन्ही बाद होऊन तीन उरतात. मग पहिलं झाकून दुसरं वाचा. दोन्ही एकटी एकटी अपुरी ठरली, तरच दोन्ही एकत्र करायची.

इथली ठरलेली चूक म्हणजे घाईने दोन्ही विधानं एकदम वाचणं. मग उत्तर निघतं आणि ‘दोन्ही मिळून’ लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात एकट्या विधान २ मध्येच सगळं असतं. एक विधान स्वतःच्या बळावर पुरत असेल, तर ‘दोन्ही मिळून’ हे उत्तर चूकच.

४. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा.

प्रश्न: सर्वेशचं आजचं वय किती?
विधान १: आई सर्वेशपेक्षा २६ वर्षांनी मोठी आहे.
विधान २: ४ वर्षांपूर्वी आईचं वय सर्वेशच्या तेव्हाच्या वयाच्या तिप्पट होतं.

विधान १ एकटं: आ − स = २६. सर्वेश ४ आणि आई ३० चालेल, सर्वेश १७ आणि आई ४३ पण चालेल. अपुरं.
विधान २ एकटं: आ − ४ = ३(स − ४). सर्वेश १४ तर आई ३४. सर्वेश १६ तर आई ४०. अपुरं.
एकत्र: दोन वेगळी समीकरणं, दोन अज्ञातं. उत्तर ठरतं, इथेच थांबा. पडताळा पाहायचाच असेल तर: स + २२ = ३स − १२, म्हणून स = १७ आणि आई ४३. चार वर्षांपूर्वी १३ आणि ३९, बरोबर तिप्पट.

५. ‘अपुरं’ म्हणताना धाकधूक होते. खात्री कशी करायची?

विधान मोडून पाहा. त्यात बसतील अशी दोन वेगळी कुटुंबं मनात उभी करा, जशी प्र. ४ मध्ये ४–३० आणि १७–४३ केली. विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं दोघांत वेगळी आली, तर विधान अपुरं. आणखी काही सिद्ध करायला नको. खूप प्रयत्न करूनही दुसरं कुटुंब बसवता आलं नाही, तर ते का बसत नाही याचं कारण शोधा. ते कारणच बहुतेक वेळा ‘पुरेसं’ असल्याचा पुरावा असतो. या प्रकारातली ही खरी कसोटी. समीकरणं मोजणं हा आडरस्ता आहे. तो कधी कामाला येतो, कधी दगा देतो. पुढची बरीच उत्तरं या दग्याबद्दलच आहेत.

६. दोन अज्ञातं आणि दोन समीकरणं असली की पुरेसं, हे चुकतं कुठे?

दोन्ही विधानं एकच गोष्ट सांगतात तिथे. उघड उदाहरण: ‘आई मुलीपेक्षा २८ वर्षांनी मोठी आहे’ आणि ‘१० वर्षांपूर्वी दोघींच्या वयात २८ वर्षांचं अंतर होतं’. अंतर कधीच बदलत नाही, त्यामुळे दुसऱ्या विधानाने हाती काहीच लागत नाही.

लपलेलं उदाहरण जास्त फसवतं. विधान १: वडील मुलापेक्षा २४ वर्षांनी मोठे. विधान २: मुलगा २४ वर्षांचा होईल तेव्हा वडिलांचं वय त्याच्या दुप्पट असेल. वाचायला दोन्ही वेगळी वाटतात. पण मुलगा २४ चा असताना वडील ४८ चे, म्हणजे अंतर परत २४! आज मुलगा ६ वर्षांचा असो वा १६, दोन्ही विधानं खरीच राहतात. उत्तर: दोन्ही मिळूनही अपुरं. विधानात ‘दुप्पट’, ‘तिप्पट’ दिसलं की ते अंतराच्या भाषेत लिहून पाहा, जुळेपण लगेच उघडं पडतं.

७. मग एकाच समीकरणावर कधी भागतं?

तीन ठिकाणी.

पहिलं, प्रश्न सुट्या वयाचा नसून बेरजेचा, फरकाचा, सरासरीचा किंवा गुणोत्तराचा असेल तेव्हा. ‘दोन बहिणींच्या वयांची सरासरी किती?’ याला ‘दोघींच्या वयांची बेरीज ३१’ एवढं पुरे. कोणाचं वय किती, हे कधीच कळणार नाही आणि कळायची गरजही नाही.

दुसरं, वयं पूर्ण वर्षांत आहेत असं प्रश्नात सांगितलेलं असेल तेव्हा. ‘मोठीच्या वयाची ३ पट आणि धाकटीच्या वयाची ५ पट मिळून ३१.’ धाकटी २ ची तर मोठी ७ ची. धाकटी ५ ची धरली तर मोठी २ ची येते, ते जमत नाही. बाकी कुठलाच आकडा बसत नाही. एकच समीकरण आणि तरी पुरेसं. ‘पूर्ण वर्षांत’ हे शब्द नसते, तर मात्र साडेतीन वर्षांचं मूलही मोजावं लागलं असतं.

तिसरं, वयाला मर्यादा घातलेली असेल तेव्हा. ते पुढच्या उत्तरात.

८. गुणोत्तर दिलं की वय कळतं का?

एकट्या गुणोत्तराने नाही. ५:७ म्हणजे ५ आणि ७, १० आणि १४, १५ आणि २१, काहीही. पण ‘वयं पूर्ण वर्षांत; मोठी १० च्या वर आणि २० च्या आत’ असं जोडलं, की ७ च्या पटीत फक्त १४ उरतं आणि धाकटी १० ची ठरते.

गुणोत्तर आणि अंतर मिळून पुरतं. फक्त गुणोत्तर १:१ असेल, म्हणजे जुळी असतील, तर अंतर शून्य आणि हाती शून्य. दोन वेगवेगळ्या वेळांची गुणोत्तरंही पुरतात: आज ३:५ आणि ४ वर्षांनी २:३ म्हटलं, तर (३क + ४)/(५क + ४) = २/३, म्हणून क = ४; आज १२ आणि २०. हेच विधान ‘काही वर्षांनी २:३ होईल’ असं लिहिलेलं असेल, तर एक नवं अज्ञात शिरतं आणि काहीच ठरत नाही. ‘काही वर्षांनी’ या दोन शब्दांखाली रेघ ओढायची सवय ठेवा.

९. वर्गसमीकरण आलं की दोन उत्तरं येतात. म्हणजे नेहमी अपुरंच ना?

नाही. आई आणि मुलाच्या वयांचा गुणाकार १५५, अंतर २६. मुलाचं वय ५ किंवा −३१ येतं. वय ऋण नसतं, ५ च उरतं. पुरेसं.

बेरीज ४८ आणि गुणाकार ४३२ असेल, तर १२ आणि ३६ मिळतात. ही आई आणि मुलगी असतील, तर कोण ३६ ची हे सांगायला नको. पण ती दोन बहिणी, गौरी आणि प्रीती, असतील आणि प्रश्न ‘गौरीचं वय किती?’ असेल, तर १२ की ३६ ठरत नाही. नातं ही पण माहिती आहे, पण ती दर वेळी वयाची माहिती असेलच असं नाही.

१०. आमच्या घरी एक काका माझ्याहून लहान आहे. पेपरात कोणत्या नात्यावरून मोठं-लहान धरायचं?

तुमच्या काकाने नियमच सांगून टाकला. जन्म देणारी माणसं मुलांहून मोठी. आजी-आजोबा नातवंडांहून मोठे. दादा आणि ताई मोठे. एवढंच धरा. बाकी काही धरू नका.

नवरा बायकोहून मोठा असतो, हे पेपरात कुठेही लिहिलेलं नसतं. काका, मामा, आत्या, मावशी पुतण्या-भाच्यांहून लहान असू शकतात. सावत्र आई मुलापेक्षा लहान असू शकते. थोरली जाऊ म्हणजे थोरल्या दिराची बायको, तिचा मान नवऱ्याच्या वयावरून. वयाने ती धाकट्या जावेपेक्षा लहानही निघेल. वहिनी आणि दीर यांचंही तेच. इंग्रजी पेपरात ‘अंकल’ लिहिलं असेल, तर तो काका, मामा, आत्याचा नवरा की मावशीचा हेही कळत नाही, मग वय तर लांबच.

‘तीन मुलं’ म्हटलं तर तिन्ही मुलगे असा अर्थ होत नाही. ‘एकच मुलगा आहे’ म्हटलं तरी मुली असू शकतात. कुटुंबाच्या एकूण वयांची बेरीज करताना हे विसरलं की हिशेबावर पाणी पडतं.

११. घरात सून आली, बाळ झालं, आणि सरासरी बदलली. अशी उदाहरणं कशी पाहायची?

सरासरी दिसली की लगेच बेरीज करा. सरासरीवर विचार करत बसू नका.

प्रश्न: बाळाचं वय किती? विधान १: ३ वर्षांपूर्वी घरातल्या ५ जणांची सरासरी १७ होती. विधान २: तेच ५ जण आणि बाळ धरून आज ६ जणांची सरासरी १७ आहे. तेव्हाची बेरीज ८५. प्रत्येकाची ३ वर्षं वाढली, म्हणून आज त्याच पाचांची १००. सहा जणांची १०२. बाळ २ वर्षांचं. दोन्ही मिळून पुरेसं. इथे सगळं वजन ‘तेच ५ जण’ या शब्दांवर आहे. मधल्या काळात मुलगी लग्न होऊन सासरी गेली असेल आणि सून आली असेल, तर आकडा ५ च राहतो आणि हिशेब कोलमडतो.

आता जवळजवळ तसंच दिसणारं दुसरं. विधान १: लग्नाच्या वेळी नवरा-बायकोची सरासरी २४ होती. विधान २: आज मूल धरून तिघांची सरासरी २२ आहे. लग्नाला ट वर्षं झाली आणि मूल म वर्षांचं धरलं, तर ४८ + २ट + म = ६६, म्हणजे २ट + म = १८. लग्नाला ७ वर्षं तर मूल ४ चं, ८ वर्षं तर २ चं. दोन कुटुंबं बसली, अपुरं. ‘लग्नाच्या वेळी’ ही वेळ आजपासून किती मागे, ते सांगितलेलंच नाही. ‘३ वर्षांपूर्वी’ आणि ‘लग्नाच्या वेळी’ यांत हाच फरक.

१२. प्रश्न ‘हो की नाही’ असा असेल तर?

ठाम ‘नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. प्रश्न: गौरीला १८ वर्षं पूर्ण झाली आहेत का? विधान १: ४ वर्षांनी ती २१ पेक्षा लहान असेल. म्हणजे आज १७ च्या आत. उत्तर ‘नाही’, आणि विधान पुरेसं. उत्तर नकारार्थी आलं म्हणून विधान अपुरं ठरवणं, ही या प्रकारातली सगळ्यात स्वस्त चूक.

१३. सर्वांत धाकटं कोण, अशा क्रमाच्या उदाहरणांत पूर्ण रांग लावावी लागते का?

नाही. विचारलेली जागा ठरली की पुरे. सर्वेश, गौरी, नीलेश, प्रीती या चौघांत सर्वांत धाकटं कोण? विधान १: गौरी सर्वेश आणि प्रीतीहून मोठी. विधान २: नीलेश गौरीहून मोठा आणि सर्वेश प्रीतीहून मोठा. पहिल्यात नीलेशचा पत्ता नाही. दुसऱ्यात गौरी आणि प्रीती दोघींपैकी कोणीही धाकटी असू शकते. एकत्र केल्यावर प्रीती ठरते. विधान १ च्या जागी ‘प्रीतीहून तिघंही मोठी’ असं असतं, तर ते एकटंच पुरलं असतं. मधली रांग विस्कळीत राहिली तरी बिघडत नाही.

१४. तीन विधानं असली की गोंधळ उडतो. सात वेळा तपासायचं का?

कागदावर सात शक्यता असतात: तीन एकटी, तीन जोड्या आणि एक तिघांची मिळून. पण आधी पर्याय वाचा. त्यात नसलेल्या जोड्या तपासायच्याच नाहीत.

प्रश्न: आईचं वय किती? विधान १: आई आणि मुलगा यांच्या वयांचं गुणोत्तर ७:२. विधान २: आई मुलापेक्षा २५ वर्षांनी मोठी. विधान ३: ५ वर्षांनी मुलगा १५ वर्षांचा होईल. १ आणि २: पाच भाग म्हणजे २५, आई ३५. २ आणि ३: मुलगा १०, आई ३५. १ आणि ३: मुलगा १०, आई ३५. उत्तर ‘कोणतीही दोन’. इथे पहिली जोडी जमताच ‘१ आणि २’ वर खूण करून पुढे जाणारे फसतात.

१५. विधान १ वरून १७ आलं आणि विधान २ वरून १९. मग काय लिहायचं?

काही लिहू नका, हिशेब परत तपासा. नीट काढलेल्या पेपरात दोन विधानं एकमेकांना खोटं पाडत नाहीत. दोन्ही एकटी पुरेशी असतील, तर उत्तर एकच यायला हवं. फरक आला, तर बहुतेक वेळा पुढच्या प्रश्नातली गडबड झालेली असते.

१६. ‘५ वर्षांनी’ आणि ‘तिप्पट’ वाचताना कुठे घसरायला होतं?

‘५ वर्षांनी मोठी’ हे अंतर, ‘५ वर्षांनी होईल’ ही वेळ. आणि वेळ बदलली की ती दोघांसाठी बदलली का, ते पाहा. ‘८ वर्षांपूर्वी आई मुलीच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट’ म्हणजे आ − ८ = २(म − ८). ‘८ वर्षांपूर्वी आई मुलीच्या आजच्या वयाच्या दुप्पट’ म्हणजे आ − ८ = २म. नुसतं ‘मुलीच्या वयाच्या दुप्पट होतं’ असं असेल, तर तेव्हाचंच वय धरायचा रिवाज आहे.

१७. ‘मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा...’ असं वाचलं की डोकं चालत नाही. सोपी रीत आहे का?

आहे. समीकरण सोडा, आडवी रेघ ओढा.

प्रश्न: मामाचं आजचं वय किती? विधान १: मामा भाच्याच्या आजच्या वयाचा होता तेव्हा भाचा ६ वर्षांचा होता. विधान २: भाचा मामाच्या आजच्या वयाचा होईल तेव्हा मामा ६३ वर्षांचा असेल.

रेघेवर चार खुणा करा: भाच्याचं तेव्हाचं वय, भाच्याचं आजचं, मामाचं आजचं, मामाचं पुढचं. शेजारच्या दोन खुणांतलं अंतर दर वेळी सारखंच, कारण ते दोघांच्या वयांतलं अंतर आहे. विधान १ पहिली खूण देतं, विधान २ शेवटची. एकाच खुणेवरून बाकीच्या ठरत नाहीत. दोन्ही मिळाल्या की ६ ते ६३ हे ५७ तीन सारख्या भागांत वाटायचे, एक भाग १९. खुणा ६, २५, ४४, ६३. मामा ४४ चा. दोन्ही मिळून पुरेसं.

१८. चुकलं तर गुण किती जातात? अंदाज मारावा का?

आयबीपीएसमध्ये चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक चतुर्थांश, सीसॅटमध्ये एक तृतीयांश गुण कापतात. प्र. ३ च्या रीतीने विधान १ बद्दल खात्री झाली असेल, तर पाचांपैकी दोन किंवा तीनच पर्याय उरलेले असतात. तिथे अंदाज परवडतो. काहीच ठरलं नसेल, तर सोडून द्या.

१९. वयाऐवजी जन्मवर्ष किंवा तारीख दिली असेल तर?

जन्मवर्षावरून वय ठरत नाही, दोन आकडे उरतात. १९६१ साली जन्मलेले आजोबा २०२५ मध्ये वाढदिवसाआधी ६३ चे, नंतर ६४ चे. ‘आजोबांचा जन्म १९६१ चा’ हे विधान ‘२०२५ मध्ये आजोबांचं वय किती?’ याला एकटं पुरत नाही. ‘जन्म १९ डिसेंबर १९६१, वय १ जून २०२५ रोजी’ असं दोन्ही असेल, तर ६३ ठरतं.

‘गोवा मुक्त झाला त्या दिवशी आजोबांचा जन्म झाला’ असं विधान आलं तर ती तारीख ठरलेली आहे, त्यामुळे तर्काने ते पुरेसं धरता येतं. पण चांगला पेपर काढणारा तारीख पेपरातच देतो. वर्षाचे महिने किंवा लीप वर्ष यापलीकडचं सामान्यज्ञान लागत असेल, तर आधी विधान पुन्हा वाचा, काही सुटलेलं असण्याचा संभव जास्त.

आणखी एक बारीक फट आहे. पूर्ण वर्षांत मोजलं, तर दोघांच्या वयांतलं अंतर वर्षभर सारखं राहत नाही. आईचा जन्म ३० मे १९८७, मुलाचा १९ डिसेंबर २०१२. १ जून २०२५ ला आई ३८, मुलगा १२, अंतर २६. १ जानेवारी २०२६ ला आई ३८, मुलगा १३, अंतर २५. प्र. ६ मध्ये ‘अंतर कधीच बदलत नाही’ म्हटलं, ते नेमक्या वयाबद्दल खरं आहे. नेहमीच्या उदाहरणांत ही फट दुर्लक्षित करायची असते. पेपरात तारखा स्पष्ट दिल्या असतील आणि वय ‘पूर्ण झालेल्या वर्षांत’ विचारलं असेल, तेव्हाच वाढदिवस आधी की नंतर ते मोजा.